लहान वस्तुसंग्रहालय आणि स्वमग्न पाहुणे : सुरुवात कुठून करावी?

जुनेपुराणे (प्रश्न)

नमस्कार.

मी एका जिल्ह्याच्या गावातील वस्तुसंग्रहालयात सहायक अभिरक्षक आहे. जुन्या दुमजली वाड्यातली सात दालने, चार रखवालदार, एक तिकीट खिडकी आणि वेळेवर आले तर नशीब म्हणावे असे वार्षिक अनुदान, एवढाच आमचा संसार. नाणी, शस्त्रे, पगड्या, गंजिफा, दिवे, अडकित्ते आणि थोडी लघुचित्रे अशी मांडणी आहे. दिव्यांगांच्या सोयींची तपासणी आली की आम्ही दारातला उतार दाखवतो, खालच्या मजल्यावरचे स्वच्छतागृह दाखवतो आणि तपासणी संपते. आपले संग्रहालय सर्वांसाठी खुले आहे, असे गेल्या महिन्यापर्यंत मलाही वाटत होते.

गेल्या महिन्यात एका रविवारी साधारण आठ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. अडकित्त्यांच्या काचपेटीपुढे तो उकिडवा बसला आणि काचेला बोट न लावता, हवेतल्या हवेत एकेक अडकित्ता मोजू लागला. मी शेजारीच उभा होतो. मोजून झाल्यावर त्याने आईला "एकतीस" असे सांगितले, पुन्हा मोजले आणि पुन्हा "एकतीस" म्हणाला. फलकावर बत्तीस लिहिले आहे. एक अडकित्ता सफाईसाठी काढला होता आणि त्याच्या जागी तशी चिठ्ठी ठेवायला आम्ही विसरलो होतो. तेवढ्यात दोन शाळांच्या सहली एकदम आत शिरल्या आणि एका शिक्षकांनी मुलांना रांगेत आणण्यासाठी शिट्टी फुंकली. त्या मुलाने दोन्ही कान झाकले, तो फरशीवर आडवा झाला आणि एका सुरात ओरडू लागला. आमच्या रखवालदाराने आईला "मुलाला आवरा, इथे शांतता पाळायची असते" असे सुनावले. (सहलीतल्या शंभर-सव्वाशे मुलांना त्याने चकार शब्दाने काही सांगितले नाही.) आई मुलाला उचलून चौकात घेऊन गेली. वीस मिनिटांनी तो शांत झाला, त्याला अडकित्ते पुन्हा पाहायचे होते, पण एकदा बाहेर पडल्यावर नवे तिकीट काढावे लागेल, असे त्यांना खिडकीवर सांगण्यात आले. ते दोघे निघून गेले. हा शेवटचा भाग मला संध्याकाळी गल्ला जुळवताना कळला.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. स्वमग्नता (ऑटिझम), अतिचंचलता (एडीएचडी), अध्ययन अक्षमता अशी मेंदूची वेगवेगळी घडण असलेले, ज्यांना हल्ली एका शब्दात न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात असे पाहुणे आमच्याकडे येतच असणार. आम्ही त्यांना ओळखले नाही, एवढेच. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हाताशी पैसा नसताना पहिले पाऊल कोणते उचलावे? अशा पाहुण्यांसाठी वेगळी वेळ ठेवावी की ठेवू नये? आणि जो रखवालदार तीस वर्षे 'शांतता राखा' हेच काम इमानाने करत आला आहे, त्याला नेमके काय शिकवावे? ज्यांनी हे घरात, शाळेत किंवा संग्रहालयात अनुभवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शेवंती

जुनेपुराणे, घडलेली घटना आपण काही न लपवता मांडलीत, याबद्दल आभार. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, आणि आम्ही पुण्यात राहतो. त्या आईच्या जागी मी अनेकदा उभी राहिले आहे.

पहिले पाऊल पाहुणे दारात येण्याच्या आधी उचलायचे असते, असे मी अनुभवाने सांगते. माझ्या मुलाला मोठ्या आवाजापेक्षा अवचित आवाजाचा त्रास जास्त होतो. विसर्जन मिरवणुकीतले ढोल तो गॅलरीत उभा राहून ऐकतो, कारण ते आज वाजणार हे त्याला दिनदर्शिकेवरून कळलेले असते. कुकरची शिट्टी मात्र सांगितल्याशिवाय झाली, तर ताटावरून उठतो. म्हणून कोणत्याही नव्या जागी जाण्यापूर्वी मी त्या जागेची छायाचित्रे गोळा करते आणि त्यांची लहानशी वही करते. कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेने १९९० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली आणि 'सोशल स्टोरी' या नावाने ती जगभर वापरली जाते. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संग्रहालये अशा कथा आपल्या संकेतस्थळावरच ठेवतात. पालकांनी ती उतरवून घ्यायची आणि मुलाबरोबर आधी चार-सहा वेळा वाचायची. आपल्याकडे ते काम मला दर वेळी स्वतः करावे लागते, आणि ज्या जागेचे आतले छायाचित्र कुठेच मिळत नाही, तिथे आम्ही जातच नाही.

आपल्या संग्रहालयाची कथा आपण एका दुपारी फोनवर तयार करू शकाल. दारापासून दारापर्यंत, चालण्याच्या क्रमाने दहा-बारा छायाचित्रे आणि प्रत्येकाखाली एक-दोन साधी वाक्ये, एवढे पुरते. नमुना देते : "मी आईबरोबर तिकीट खिडकीपाशी उभा राहीन. रांग असली तर थांबावे लागेल. खाकी कपड्यांतले काका तिकीट पाहतील. पहिल्या दालनात तलवारी काचेच्या आत आहेत. काचेला हात लावायचा नाही. छताचा पंखा खडखड आवाज करतो. मला आवाज नको वाटला, तर मी चौकात जाऊन बसू शकतो. मग मी परत येऊ शकतो." यातली शेवटची दोन वाक्ये खरी व्हायची असतील, तर तिकिटाचा नियम आधी बदलावा लागेल, हे आपल्या लक्षात आलेच असेल. कथेत गोड गोड लिहू नये. पंखा खडखडत असेल तर तसे लिहावे, स्वच्छतागृहात काळोख असेल तर तेही लिहावे. मुलाला एकदा खोटे सापडले की पुढच्या वहीवर त्याचा विश्वास बसत नाही.

दुसरी गोष्ट, 'पूर्ण संग्रहालय पाहून झाले पाहिजे' हा आग्रह आम्ही कधीच सोडून दिला. राजा केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत आणि आम्ही तिथे जातो ते दिवे पाहायला किंवा वाद्ये पाहायला, दोन्ही एका दिवशी कधीच नाही. कोथरूडच्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात त्याचे जितके मन रमते तितके क्वचितच कुठे रमते, कारण तिथे सगळा खेळ एकाच मांडणीवर चालतो आणि पुढच्या दालनात काय असेल या धास्तीला जागाच उरत नाही. आपल्या तिकीट खिडकीवर "फक्त एकच दालन पाहायचे असल्यास" अशी पाटी लावून सर्वांत शांत दालनाची वाट दाखवली, तर आजी-आजोबासुद्धा आपल्याला दुवा देतील.

आणि कृपा करून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागू नका. मुलाच्या देखत, रांगेत, पिशवीतून कार्ड शोधून 'याला असे असे आहे' हे अनोळखी माणसाला सांगणे किती जड जाते, ते लिहून समजणार नाही.

अर्धविराम

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, पण धाग्यात आतापर्यंत फक्त मुलेच आली आहेत, म्हणून लिहितो. मी एकेचाळीस वर्षांचा आहे. स्वमग्नता आणि एडीएचडी या दोन्हींचे निदान माझ्या बाबतीत सदतिसाव्या वर्षी झाले. स्वमग्न मुले मोठी होऊन स्वमग्न माणसे होतात आणि एकटीच तिकीट काढून संग्रहालयात येतात. त्यांच्याबरोबर समजावून सांगायला आई नसते.

आधी त्या मोजण्याविषयी. आपल्याला मुलाच्या अचूकपणाचे कौतुक वाटले आणि ते स्वाभाविक आहे. पण मी स्वतः गर्दीच्या जागी फरशा, खिडकीचे गज, झुंबरांचे दिवे मोजत असतो आणि ते हुशारी म्हणून नव्हे. मोजण्यात मन गुंतवले की बाकीचा कल्लोळ जरा लांब राहतो. तो मुलगा अडकित्ते दुसऱ्यांदा मोजू लागला, तेव्हाच बहुधा त्याला ते दालन जड होऊ लागले होते. रखवालदाराला शिकवायचेच असेल, तर हे शिकवावे : कान झाकणे, येरझाऱ्या, पुटपुटणे, डोलणे, तेच तेच मोजणे ही गैरवर्तनाची नव्हे, तर तग धरण्याची लक्षणे आहेत. अशा वेळी जवळ जाऊन बोलू नये, हात धरू नये, डोळ्यांत पाहून प्रश्न विचारू नयेत; भोवतालची गर्दी हलवावी आणि बाहेरची वाट मोकळी करावी. त्या रविवारी आवरायला हवी होती ती शिट्टी.

माझ्यासारख्यांना आणखी एक अडचण येते, तिची दखल कोणी घेत नाही. मला एखादी वस्तू आवडली की मी तिच्यापुढे चाळीस-चाळीस मिनिटे उभा राहतो. अशा माणसाचा रखवालदाराला संशय येतो. तो मागे येऊन उभा राहतो, मग घसा खाकरतो, मग "पुढे चला" म्हणतो. एका संग्रहालयात माझी पिशवी दोनदा तपासण्यात आली होती. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मी आठवड्याच्या मधल्या वारी, उघडल्या उघडल्या जातो आणि थेट लघुचित्रांपाशी जातो. जलरंगांची चित्रे आणि जुने कापड उजेडाने फिकटते, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचे माप) अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा जतनशास्त्राचा संकेत आहे. कागद वाचवण्यासाठी केलेला तो अंधुक उजेड माझ्या डोळ्यांनाही मानवतो. आपल्याकडे लघुचित्रांचे दालन आहे, असे आपण लिहिले आहे. तिथे पाठ टेकता येईल असे एक बाकडे ठेवा, आपले शांत दालन आयतेच तयार होईल.

फलकांविषयी थोडेसे. बारीक अक्षरांतला, वीस ओळींचा, सरकारी मराठीतला फलक एडीएचडी असलेल्या किंवा वाचन जड जाणाऱ्या माणसासाठी असून नसल्यासारखाच. पहिल्या ओळीत ही वस्तू काय आहे आणि ती कशासाठी वापरत, एवढे मोठ्या अक्षरांत सांगावे. घराणे, कालखंड आणि नोंदणी क्रमांक खाली जाऊ द्यावेत.

जुनेपुराणे

मोजण्याविषयीचा परिच्छेद वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. ती घटना सहकाऱ्यांना सांगताना 'मुलाने आमची चूक पकडली' असाच सूर मी लावत होतो. आमच्या रखवालदारकाकांना आज हे सर्व वाचून दाखवले. ते म्हणाले, "साहेब, मला कोणी सांगितलेच नव्हते." त्यांना दोष देण्यासारखे काही नाही, नोकरीला लागल्यापासून मिळालेल्या प्रत्येक परिपत्रकात शांतता आणि सुरक्षा हेच दोन शब्द होते. पैशाशिवाय होण्याजोगे आणखी काही कोणी सुचवू शकेल का?

दीपमाळ

मी प्रदर्शनांच्या प्रकाशयोजनेचे काम करते. आपल्याकडे संग्रहालय उजळवायचे म्हणजे अजून एक ट्यूबलाइट लावायची, अशी समजूत आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे जुन्या लोखंडी चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. बहुतेकांना ते दिसत नाही, काहींना मात्र जाणवते, आणि ट्यूब म्हातारी होऊन तिची टोके काळी पडू लागली की सर्वांनाच त्रास होतो. इलेक्ट्रॉनिक चोकवर हा प्रश्न उरत नाही. एलईडी लावले म्हणून आपण सुटलो असेही समजू नये, कारण स्वस्त एलईडीतला ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) हलका असला तर तेही लुकलुकतात. पारख फुकटात करता येते : फोनच्या कॅमेऱ्यावर स्लो मोशन लावून दिव्याखालची पांढरी भिंत टिपावी; चित्रात काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा बदलण्याच्या यादीत घालावा. आधी मोडकी ट्यूब आणि गुणगुणणारा चोक काढा. नव्या दिव्यांचे अंदाजपत्रक नंतर.

आवाजासाठी एक काम करा. सातही दालनांचा नकाशा हाताने काढा आणि मंगळवारी सकाळी, शुक्रवारी दुपारी आणि रविवारी भर गर्दीत असे तीनदा त्यातून फिरून या. जिथे आवाज, प्रखर उजेड, वास किंवा दाटी जाणवेल, तिथे खूण करा. परदेशात ज्याला सेन्सरी मॅप म्हणतात तो हाच. त्यासाठी सल्लागार नेमावा लागत नाही. मात्र फिरणारा माणूस आपल्यापैकी नसावा, कारण तुम्हाला तुमच्या पंख्याचा आवाज ऐकू येईनासा होऊन जमाना लोटला असणार. दगडी फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवतात. काथ्याची चटई किंवा दाराला जाड पडदा लावला तरी फरक पडतो, पण चटईची कड वर येऊन कोणी अडखळणार नाही, हे पाहावे लागते. एखाद्या दालनात अखंड वाजणारी चित्रफीत असेल, तर ती बटणावर आणा. ज्याला ऐकायची आहे तो दाबेल.

वासाचा विचार सहसा कोणी करत नाही. पगड्यांच्या आणि कापडाच्या पेट्यांत डांबरगोळ्या असतील, सकाळी उघडण्याआधी अर्धा तास फिनाईलने पुसले जात असेल, तर उग्र वासाने कासावीस होणारा पाहुणा पहिल्याच दालनातून परत फिरेल. पुसण्याचे काम संध्याकाळी बंद झाल्यावर करावे. रात्रभरात वास उडून जातो. डांबरगोळ्या तुमच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीलाही चांगल्या नाहीत.

विसाव्याच्या जागेसाठी कृपया अडगळीची खोली रिकामी करू नका. वाड्याची ओसरी किंवा चौकाचा सावलीतला कोपरा पुरे. तिथून बाहेरचे दार दिसावे, येणारा-जाणारा अंगावर येऊ नये, आणि पाटीवर 'विशेष मुलांसाठी' असे काही न लिहिता नुसते 'विसावा' लिहावे.

टेम्सकाठी

मूळची नाशिकची, सोळा वर्षे लंडनमध्ये आहे. मुलगी दहा वर्षांची, स्वमग्न. वेगळ्या वेळेविषयी आपण विचारले आहे, त्याबद्दल इथला अनुभव सांगते.

इथल्या सायन्स म्युझियममध्ये 'अर्ली बर्ड्स' आणि शेजारच्याच नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये 'डॉनोसॉर्स' या नावाचे सकाळचे कार्यक्रम असतात. ठरावीक तारखांना, सर्वांसाठी दारे उघडण्याआधी, अशा मुलांच्या कुटुंबांना आत घेतात. डॉनोसॉर्स पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आहे, ते विनामूल्य आहे आणि भावंडांनाही बरोबर नेता येते. हे भावंडांचे कोणाच्या तरी लक्षात आले, याचे मला फार बरे वाटले. मुख्य दालनात छताला निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा टांगलेला आहे. पहिल्या वेळी माझी मुलगी त्याच्या खाली पाठीवर झोपली आणि पाऊण तास तशीच पडून राहिली. कोणी "उठ" म्हणाले नाही, कारण चार पावलांवर आणखी एक मुलगा गोल गोल फिरत होता आणि त्याची आई निवांत उभी होती. मला सर्वांत मोठा आराम मिळाला तो तिथल्या शांततेपेक्षाही या गोष्टीचा, की त्या सकाळी मला एकदाही कोणाची माफी मागावी लागली नाही.

दुसरे, २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर सूर्यफुलांच्या हिरव्या फितीची कल्पना निघाली. ज्याची अडचण डोळ्यांना दिसत नाही, त्याने ती स्वेच्छेने गळ्यात घालायची. कर्मचारी समजून घेतात आणि कारण विचारत नाहीत. आता ती संग्रहालयांतही चालते. मुलगी कधी घालते, कधी नाही. न घालण्याची मुभा असणे, हाच त्या फितीचा गुण आहे.

अर्धविराम

टेम्सकाठी यांचा अनुभव सुंदर आहे, तरीही वेगळ्या वेळेला माझा विरोध नोंदवतो. सकाळी आठला 'तुमची' वेळ आणि दहानंतर 'आमची', ही मला वेगळी पंगत वाटते. जेवण तेच, वाढणारेही तेच. पण बसायचे वेगळे. शिवाय एकदा वेगळी वेळ दिली की उरलेला दिवस होता तसाच ठेवायला सर्वांना निमित्त मिळते, आणि दुपारी कोणी अस्वस्थ झाले की "तुमच्यासाठी सकाळ आहे ना?" असे विचारले जाते. मी नोकरी करतो. मला रविवारी दुपारीही लघुचित्रे पाहायची आहेत.

शेवंती

अर्धविराम, आपले म्हणणे तत्त्व म्हणून मला पटते. पण माझा मुलगा चौदा वर्षांत एकदाही पंगतीत शेवटपर्यंत बसलेला नाही. त्याला कुठे तरी, कधी तरी पोटभर जेवता येत असेल, तर पंगत वेगळी आहे म्हणून मी पान नाकारणार नाही. आपण स्वतःहून वेळ निवडता, वाट काढता, शब्दांत सांगू शकता. माझ्या मुलाला बोलता येत नाही. आपण दोघे एकाच नावाखाली येत असलो, तरी आपल्या गरजा एक नाहीत, हे संग्रहालयांनाही कळले पाहिजे.

अर्धविराम

हे मान्य करतो. मग माझी मागणी एवढीच, की वेगळी वेळ ठेवलीच, तर ती 'कमी गर्दीची वेळ' म्हणून सर्वांना खुली असावी आणि तिकिटाचा नियम, बाकडे, विसावा हे सगळे दिवसभर लागू असावे.

पोटकलम

वकिलीच्या अंगाने दोन मुद्दे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या अनुसूचीत ते एकवीस झाले आणि त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एडीएचडी त्या यादीत नाही. म्हणून शेवंती यांचा प्रमाणपत्राविषयीचा मुद्दा नुसता भावनेचा नाही : प्रमाणपत्राची अट घातली, तर अर्धविराम यांच्यासारख्यांचे निम्मे निदान कायद्याच्या दाराबाहेर राहील. याच अधिनियमाच्या कलम २९ मध्ये दिव्यांग व्यक्तींना कला सुगम करून देण्याचा उल्लेख आहे, त्यामुळे उतार बांधला म्हणजे संग्रहालयाचे कर्तव्य संपले असे नाही.

दुसरे, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात याच अधिनियमाखालच्या २०१७ च्या नियमांतील नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सुगम्यता (जागा आणि सेवा सर्वांना वापरता येणे) बंधनकारक करतो आणि तो नियम मात्र तिला शिफारशींच्या पातळीवर ठेवत होता. व्यक्तीने येऊन मागितल्यावर करून दिलेली सोय वेगळी आणि ती येण्याआधीच करून ठेवायची सुगम्यता वेगळी, हा फरक त्या निकालात नीट उलगडला आहे. अनुदानाच्या प्रस्तावात या निकालाचा हवाला अवश्य द्यावा. साहेब लोक 'संवेदनशीलता' हा शब्द वाचून फाईल बाजूला ठेवतात, 'बंधनकारक' वाचून ती परत ओढतात.

जुनेपुराणे

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांत जे झाले आणि जे झाले नाही, ते लिहितो.

तिकिटामागे आता तारखेचा शिक्का मारतो. त्या दिवशी कितीही वेळा आत-बाहेर करता येते. यासाठी वरिष्ठांची परवानगी लागेल, असे मी गृहीत धरले होते. जुने कागद उलगडले, तेव्हा दुसऱ्या तिकिटाचा नियम कुठेही लिहिलेला सापडला नाही. तो कोणी तरी कधी तरी सुरू केला होता आणि आम्ही पाळत आलो होतो. शाळांना पाठवायच्या पत्रात शिट्टी न वापरण्याची विनंती घातली असून एका वेळी एकच सहल आत घेतो, दुसरी चौकात थांबते. तीन ट्यूबच्या चोकांचा गुणगुणाट आमच्या कोणाच्याच कानांना जाणवत नव्हता. नकाशासाठी फिरायला बोलावलेल्या महाविद्यालयीन मुलीने पहिल्या पाच मिनिटांत ते दाखवून दिले. ते बदलले. लघुचित्रांच्या दालनात बाकडे ठेवले. फिनाईल संध्याकाळी गेले.

डांबरगोळ्यांना पर्याय शोधणे बाकी आहे, कारण कापडाला कसर लागू देणे मला परवडणारे नाही. फलक बदलायला छपाईचा खर्च येतो, म्हणून तूर्त फक्त अडकित्त्यांचा आणि दिव्यांचा फलक नव्याने लिहिला. वेगळ्या वेळेबाबत आमच्यात अजून एकमत नाही. मंगळवारी सकाळी पहिला तास सहली न घेण्यापुरता निर्णय झाला आहे आणि दारावर 'कमी गर्दीची वेळ' अशी पाटी लावली आहे, सर्वांसाठी.

छायाचित्रकथेचा पहिला खर्डा सोबत जोडतो. छायाचित्रे आमच्या तिकीट खिडकीवरील सहकाऱ्याने काढली आहेत. आपण सर्वांनी, विशेषतः शेवंती यांनी, ती डोळ्यांत तेल घालून तपासावी.

शेवंती

पाहिली, मुलालाही दाखवली. तीन दुरुस्त्या सुचवते. आठव्या पानावर 'पंखा खडखड आवाज करतो' असे लिहिले आहे, पण छायाचित्रातला पंखा बंद आहे. चालू पंख्याचे घ्या. जिन्याच्या पायऱ्या किती आहेत तो आकडा लिहा, मुलाने दोनदा तिथेच बोट ठेवले. आणि रखवालदारकाकांचे छायाचित्र पाठमोरे आहे, त्यांचा चेहरा दिसू द्या. त्यांची हरकत नसेल, तर त्यांना काय म्हणून हाक मारायची, तेही खाली लिहा.